एंजिनएक्स, पीएचपी आणि कॅश: सर्व्हरच्या कामात नवीन आहात तर हे आधी वाचा

होस्टिंग सपोर्टला लागा नाहीतर छोट्या कंपनीत सिस्टीम ॲडमिन म्हणून लागा, एक तिकीट हमखास तुमच्या वाट्याला येणार, "साईट स्लो आहे". बास, एवढंच. कुठलं पेज, कधीपासून, लॉगिन करून का तसंच, काही पत्ता नाही. आणि नव्या माणसाचा पहिला उपाय ठरलेला, रॅम वाढवा. क्लायंटचे पैसे जातात, चार दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मी मुख्यतः उबुंटूवर एंजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि पीएचपी-एफपीएम हा पीएचपीचा कोड चालवणारा प्रोग्राम या जोडीवर काम करतो म्हणून त्याचंच सांगतो. अपाची हा दुसरा वेब सर्व्हर असेल तर फाईली आणि नावं वेगळी, विचार बराचसा तोच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. एंजिनएक्स स्वतः पीएचपी चालवत नाही. फोटो, सीएसएस, जावास्क्रिप्ट तो डिस्कवरून उचलून थेट देतो आणि त्यात तो भयानक फास्ट आहे, पण पीएचपीची रिक्वेस्ट आली की ती सॉकेटवरून एफपीएमकडे ढकलतो. एफपीएमचा एक वर्कर, म्हणजे काम करणारी एक प्रोसेस, एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतो, ती संपेपर्यंत दुसरीला हात लावत नाही. म्हणजे आपलं काम दोनच, एफपीएमपर्यंत कमीत कमी रिक्वेस्ट जाऊ द्यायच्या आणि ज्या जातील त्या पटकन बाहेर काढायच्या.

सेटिंगला हात लावायच्या आधी मोजा. कर्ल या टर्मिनलवरच्या कमांडने पहिला बाइट यायला किती वेळ लागतो ते बघा, आणि एफपीएमचा स्लो लॉग चालू करा, तो डिफॉल्टला बंद असतो. दोन-तीन सेकंदांची मर्यादा दिली की त्याहून जास्त वेळ घेणारी स्क्रिप्ट नेमकी कुठल्या फाईलच्या कुठल्या ओळीवर अडकलीये ते तो लिहून ठेवतो. एकदा एका साईटवर सगळे डेटाबेसला शिव्या घालत होते आणि लॉगमध्ये प्रत्येक वेळी तीच कर्लची ओळ, होमपेजवरचं हवामानाचं विजेट दर वेळी बाहेरच्या सर्व्हरला विचारायला जात होतं आणि तो सर्व्हर झोपलेला. यात रॅम काय करणार?

मग ओपकॅश. पीएचपी दर वेळी फाईल वाचून, पार्स करून, कंपाइल करून मग चालवते, ओपकॅश ते कंपाइल झालेलं रूप मेमरीत धरून ठेवतो. 5.5 पासून तो पीएचपीसोबतच येतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी चालू असतोच, पण डिफॉल्टला 128 एमबी मेमरी आणि 10000 फाईली एवढीच जागा असते. प्लगिनांनी भरलेली साईट किंवा एकाच सर्व्हरवर सात-आठ साईटी असतील तर ती भरते. स्टेटस बघायचं असेल तर ब्राउझरमधून बघा हां, टर्मिनलवरून बघाल तर ती वेगळी प्रोसेस असते, ओपकॅश बंदच दिसेल आणि उगाच घाबराल. फाईल बदलली का हे तपासणं बंद केलं तर थोडा वेग मिळतो पण मग प्रत्येक डिप्लॉयनंतर एफपीएम रीलोड करायलाच पाहिजे, नाहीतर डेव्हलपर "मी कोड टाकला पण दिसत नाहीये" म्हणून तुमच्या डोक्यावर बसणार. पीएचपी 8 मधल्या जिटबद्दल, म्हणजे चालता चालता कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करण्याबद्दल, लोक फार उत्साहाने बोलतात, पण साध्या वेबसाईटचा बहुतेक वेळ डेटाबेसची वाट बघण्यात जातो, तिथे त्याचा फार फरक पडत नाही. माझ्या मते सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका.

वर्कर किती ठेवायचे हा खरा कळीचा प्रश्न. उबुंटूच्या तयार फाईलमध्ये मॅक्स चिल्ड्रन, म्हणजे जास्तीत जास्त वर्कर, 5 असतं. गर्दी झाली की लॉगमध्ये मर्यादा गाठली, वाढवायचा विचार करा असं येतं, आणि मग लोक बिनधास्त 100 करून मोकळे होतात. 2 जीबीचा सर्व्हर आहे समजा, डेटाबेस, एंजिनएक्स आणि सिस्टीम मिळून 1 जीबी गेली, एक वर्कर 60 एमबी खातो, म्हणजे राहिलेल्या 1 जीबीत सोळा-सतरा बसतात, जरा हात राखून 14 ठेवा. 100 ठेवलेत तर गर्दीत मेमरी संपते, लिनक्स सगळ्यात जाड प्रोसेस शोधून मारतो आणि ती बहुतेक वेळा मायएसक्यूएल निघते. पीएस या प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये वर्करचा जो आकडा दिसतो त्यात ओपकॅशची सगळ्यांत वाटलेली मेमरीसुद्धा धरलेली असते, त्यामुळे तो थोडा फुगलेला असतो, चालतं, चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते.

आता पेज कॅश, म्हणजे एकदा बनलेलं पेज साठवून तेच पुन्हा देणं, सगळ्यात जास्त फायदा इथेच. गणपतीच्या आरत्यांची एखादी साईट घ्या. वर्षभर शांत आणि चतुर्थीच्या सकाळी सगळा महाराष्ट्र एकदम मोबाईल उघडून तेच पेज मागतो. आरती सगळ्यांना सारखीच, मग प्रत्येकासाठी पीएचपी आणि डेटाबेस का हलवायचा? एंजिनएक्समधलाच फास्टसीजीआय कॅश लावला की तयार पेज एंजिनएक्सच देतो, एफपीएमला कळतही नाही. सोबत कॅश लॉक चालू करा म्हणजे कॅशमध्ये नसलेलं पेज शंभर जणांनी एकदम मागितलं तरी आत एकच रिक्वेस्ट जाते, बाकीचे थांबतात. आणि जुनं पेज देण्याची मुभा दिलीत तर मागे एफपीएम पडला तरी लोकांना आरती दिसत राहते. बातम्यांसारखी सतत बदलणारी साईट असेल तर एक-दोन सेकंदांचा कॅशसुद्धा गर्दीत पुरतो. एक बारीक भानगड, फेसबुकवरून येणाऱ्या लिंकच्या शेपटीला वेगवेगळा कोड लागलेला असतो, कॅशच्या कीमध्ये, म्हणजे साठवलेलं पेज ज्या नावाने ओळखलं जातं त्यात, पूर्ण पत्ता असेल तर प्रत्येक शेपटी नवीन पेज धरली जाते आणि कॅश असून नसल्यासारखा. ती शेपटी कीमधून काढावी लागते.

पण काय कॅश करायचं नाही हे आधी ठरवा, नाहीतर नोकरीवर येईल. एंजिनएक्स मुळात शहाणा आहे, पीएचपीने कुकी सेट केली तर ते पेज तो ठेवत नाही. सेशन, म्हणजे आलेला माणूस कोण ते लक्षात ठेवणं, सुरू केलं की पीएचपी स्वतःच कॅश करू नका असे हेडर, म्हणजे पेजसोबतच्या सूचना, पाठवते, त्यातली एक्सपायरीची तारीख तर थेट 1981 सालची असते, पहिल्यांदा बघितलं की सर्व्हरचं घड्याळ बिघडलंय असंच वाटतं. आता हिट, म्हणजे कॅशमधून पेज, मिळत नाही म्हणून लोक नेटवरून "हे हेडर दुर्लक्षित करा" ही ओळ कॉपी करून टाकतात. झालं. एका क्लायंटकडे आधीच्या व्हेंडरने हेच केलेलं, एका विद्यार्थ्याला लॉगिन केल्यावर दुसऱ्याचंच नाव आणि फीची पावती दिसत होती. लॉगिन, कार्ट, पेमेंट, ॲडमिन, सगळ्या पोस्ट (फॉर्म पाठवणाऱ्या) रिक्वेस्ट, सेशनची कुकी असलेला माणूस, हे सगळं कॅशला वळसा घालून गेलंच पाहिजे. कॅशचं स्टेटस दाखवणारा एक हेडर जोडून ठेवा, हिट, मिस का बायपास ते कर्लवर लगेच दिसतं, लॉगिन करून आणि न करता दोन्ही तपासा.

इंटरव्ह्यूला 502 आणि 504 या एररमधला फरक हमखास विचारतात. 504 म्हणजे रिक्वेस्ट एफपीएमकडे गेली पण वेळेत उत्तर आलं नाही, डिफॉल्ट मर्यादा 60 सेकंद. 502 म्हणजे एफपीएम बंद आहे, मध्येच मेला किंवा त्याची रांगच भरली. पाठ करून जाऊ नका, समोरचा लगेच "मग लॉगमध्ये काय दिसेल" विचारतो.

त्यापेक्षा लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन टाका. एक सेकंद झोपणारी पीएचपी फाईल लिहा, वर्कर फक्त 2 ठेवा आणि अपाची बेंच या लोड टेस्ट करणाऱ्या टूलने एकदम दहा रिक्वेस्ट मारा, पाचेक सेकंद लागतील. लॉग वाचा. मग पाच सेकंदांचा कॅश आणि लॉक लावून तेच परत मारा, दीडेक सेकंदात सगळं संपेल. मग त्याच फाईलमध्ये सेशन सुरू करा आणि कॅश का चालत नाहीये ते स्वतः शोधा.