ड्युअल स्लोप डिजिटल व्होल्टमीटर एक्सेलमध्ये कसा उभारावा

विदर्भातल्या खेड्यांत रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या झटका मशीनची 12 व्होल्टची बॅटरी आपण मल्टिमीटरने तपासतो. ड्युअल स्लोप पद्धतीच्या मीटरमध्ये कपॅसिटर आधी मोजायच्या व्होल्टेजने ठरावीक काळ भरतात आणि मग ज्ञात संदर्भ व्होल्टेजने तो रिकामा व्हायला लागणारा काळ मोजतात; त्यातून तो आकडा कसा तयार होतो, हे एकही सुटा भाग विकत न आणता एक्सेलच्या शीटवर पाहता येते.

बॅटरीचे 12.60 व्होल्ट 900 आणि 100 किलोओहमच्या दोन रोधांनी दहापट कमी होऊन 1.260 झाले, असे धरावे. बाजूच्या चौकटींत इंटिग्रेटरचा (व्होल्टेजची काळानुसार बेरीज करणाऱ्या मंडलाचा) रोध 100 किलोओहम, कपॅसिटर 0.47 मायक्रोफॅरड, संदर्भ व्होल्टेज 1 व्होल्ट आणि क्लॉकच्या (काळ मोजणाऱ्या ठोक्यांच्या) एका ठोक्याचा काळ 0.0001 सेकंद, अशी मूल्ये ओहम, फॅरड आणि सेकंदांत लिहावीत.

पहिल्या रकान्यात 0 ते 3000 हे ठोक्यांचे क्रमांक भरावेत. दुसऱ्या रकान्यात इफ सूत्राने पहिले 1000 ठोके 1.260 व्होल्ट द्यावेत, त्यानंतर तिसऱ्या रकान्यातील आधीच्या ओळीचा आकडा ऋण असेपर्यंत उणे 1 व्होल्ट आणि मग शून्य द्यावे. तिसरा रकाना शून्यापासून सुरू करून, प्रत्येक ओळीत आधीच्या आकड्यातून दुसऱ्या रकान्याचे व्होल्टेज गुणिले ठोक्याचा काळ, भागिले रोध व कपॅसिटरचा गुणाकार, एवढे वजा करावे. येथे एक काळजी आवश्यक आहे: दशांशांतील सूक्ष्म चुकीमुळे एक ठोका जास्त मोजला जाऊ शकतो, म्हणून ‘ऋण’ तपासताना शून्याऐवजी उणे 0.000001 ही सीमा वापरावी.

तिसऱ्या रकान्याचा आलेख हजाराव्या ठोक्याला उणे 2.68 व्होल्टपर्यंत उतरतो आणि 2260व्या ठोक्याला शून्यावर परततो. दुसऱ्या रकान्यातील ऋण ओळी काउंटइफने मोजल्यास 1260 मिळतात. दोन अंकांनंतर दशांशचिन्ह दिले की 12.60 व्होल्ट हे वाचन तयार होते.

आता कपॅसिटर 0.68 मायक्रोफॅरड करून पाहावा. आलेखाचा तळ उणे 1.85 वर येतो, मोजणी मात्र 1260च राहते, कारण भरताना आणि रिकामे होताना तोच रोध व तोच कपॅसिटर वापरला जातो. या पद्धतीचे खरे बळ मला येथेच दिसते. संदर्भ 1.01 व्होल्ट केला तर मात्र 1248 येतात, म्हणून प्रत्यक्ष मीटरमध्ये संदर्भाच्या अचूकपणावर तडजोड करू नये.

शेवटी, घरातल्या विजेच्या तारांतून मापनात शिरणारा गोंगाट म्हणून, पहिल्या 1000 ठोक्यांतील व्होल्टेजमध्ये 50 हर्ट्झची, 0.2 व्होल्ट शिखराची साइन लहर मिळवावी. 100 मिलिसेकंदांत तिची पाच पूर्ण आवर्तने बसून बेरीज शून्य होत असल्याने 1260 बदलत नाही. हाच टप्पा 1050 ठोक्यांचा केल्यास 1323 यायला हवेत, पण शेवटचे आवर्तन अपुरे राहिल्याने तेथे 1330 येतात.