छोटं रिव्हॉल्वर घेताना आणि बाळगताना या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यात रिव्हॉल्वरचा परवाना काढणारे बहुतेक दोन प्रकारचे असतात. एक, ज्याला रोकड घेऊन फिरावं लागतं: जिनिंगवाला, सराफ, पेट्रोल पंपवाला, संत्र्याचा व्यापारी. दुसरा, ज्याचं घर गावाबाहेर वावरात आहे. दोघांची गरज एकच: पाच-सात मीटरवर आलेल्या माणसापासून जीव वाचवणं. हे काम सोडून दुसरंच काही डोळ्यापुढे ठेवलं की पुढच्या सगळ्या चुका आपोआप होतात.

रानडुकरांसाठी रिव्हॉल्वर

सगळ्यात महाग चूक हीच. जागलीला, म्हणजे रात्री पिकाच्या राखणीला, जाणारा शेतकरी म्हणतो, बंदूक खांद्यावर वागवण्यापेक्षा कमरेला छोटं हत्यार बरं. पण .32 रिव्हॉल्वरची गोळी साधारण सहा ग्रॅमची आणि वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास, म्हणजे नळीतून निघताना ऊर्जा सुमारे 150 ज्यूल. 12 बोअर बंदुकीच्या काडतुसात याच्या दहापटीहून जास्त असते. एवढ्याशा गोळीने डुक्कर मरत नाही, चवताळतं. शिवाय रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. पिकाचं नुकसान होत असलं तरी वन खात्याच्या परवानगीशिवाय त्यावर गोळी झाडता येत नाही. बिबट किंवा वाघाचा तर विचारही नको. पिकासाठी हत्यार हवं असेल तर अर्जातच पीकसंरक्षणाचं कारण लिहून बंदुकीचा परवाना मागावा. आत्मसंरक्षणासाठी घेतलेलं रिव्हॉल्वर धुऱ्यावर चालवू नये.

वजनाच्या मोहात पडणं

साध्या परवान्यावर प्रतिबंधित नसलेल्या बोअरचंच (नळीच्या मापाचंच) हत्यार मिळतं, त्यामुळे रिव्हॉल्वरमध्ये निवड बहुधा .32 आणि .22 एवढ्यातच होते. कानपूरच्या शस्त्र कारखान्याचं ‘निर्भीक’ सुमारे 525 ग्रॅमचं, 2014 मध्ये महिलांसाठी म्हणून बाजारात आलं. इशापूरच्या कारखान्याचं .22 चं ‘निडर’ अवघं 250 ग्रॅमच्या घरात. ऑगस्ट 2023 मध्ये आलेलं ‘प्रबल’ काडतुसांशिवाय 675 ग्रॅम, नळी 76 मिलिमीटर. काउंटरवर हलकं हत्यार हातात घेतलं की मन तिथंच बसतं. पण हलक्या रिव्हॉल्वरला धक्का जास्त बसतो, मूठ आखूड असल्याने करंगळी लोंबकळते आणि दुसरी गोळी कुठल्या कुठे जाते. नळी आखूड असली की पुढची माशी आणि मागची खाच, म्हणजे नेम धरण्याच्या दोन खुणा, यांच्यातलं अंतरही कमी, त्यामुळे हात केसभर हलला तरी नेम वीतभर सरकतो. रोज दिवसभर अंगावर वागवायचं असेल तरच हलकं घ्यावं. घरात आणि गाडीतच राहणार असेल तर जड रिव्हॉल्वर कधीही चांगलं.

.22 बद्दल आणखी एक. या काडतुसात ठिणगी देणारा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि तो न पेटण्याचं प्रमाण .32 पेक्षा जास्त असतं. हाताला जोर नसलेल्या वयस्कर माणसासाठी .22 ठीक आहे, बाकीच्यांनी .32 च घ्यावं.

चाप न ओढता पैसे मोजणं

संकटात कोणी घोडा (काडतुसाच्या बुडावर ठोका देणारा मागचा खटका) मागे ओढून सावकाश नेम धरत नाही. थेट चाप (ट्रिगर) ओढला जातो, म्हणजे डबल ॲक्शन, आणि छोट्या रिव्हॉल्वरमध्ये त्याला साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो. घोडा आधी चढवलेला असेल तर दीड-दोन किलोत काम होतं, म्हणून दुकानदार नेहमी घोडा चढवूनच दाखवतो. तसं चालू देऊ नये. हत्यार रिकामं असल्याची स्वतः सिलिंडरच्या सगळ्या घरांत (काडतुसं बसतात त्या भोकांत) बघून खात्री करावी, डमी (दारू नसलेली) काडतुसं भरून घ्यावीत आणि हात सरळ धरून वीस वेळा डबल ॲक्शनने चाप ओढावा. शेवटच्या पाच वेळी नळी थरथरत असेल तर ते हत्यार तुमच्यासाठी नाही. घरात पत्नीच्या नावावर परवाना असेल तर चाप तिनेच ओढून बघावा; नवऱ्याने पसंत केलेलं रिव्हॉल्वर कपाटात पडून राहतं, हा ठरलेला प्रकार आहे. .22 च्या हत्यारात मात्र डमी काडतुसाशिवाय रिकामा चाप अजिबात ओढू नये, फायरिंग पिन घराच्या कडेवर आपटून कड चेपते.

चाप जड वाटतो म्हणून नंतर गावातल्या कारागिराकडून मुख्य स्प्रिंग कापून घेणारे महाभाग आहेत. चाप हलका होतो खरा, पण घोड्याचा ठोकाही हलका पडतो आणि तिसरं-चौथं काडतूस पेटतच नाही. घोड्याचं टोक कापडात अडकतं म्हणून ते घासून घेणं हाही त्यातलाच उद्योग. दुरुस्ती परवानाधारक शस्त्र दुरुस्तीकाराकडेच करावी.

दुकानात न होणारी तपासणी

जुनं, दुसऱ्याच्या परवान्यावरून येणारं रिव्हॉल्वर घेताना तर हे केलंच पाहिजे. सुरुवात क्रमांकापासून: सांगाड्यावरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. मग घोडा अगदी हळू चढवत न्यावा; घोडा पूर्ण मागे अडकण्याच्या आत सिलिंडर ‘टक्’ करून जागेवर बसायला हवा. हे सहाही घरांसाठी बघावं, कारण एकाच घराची खाच झिजलेली असू शकते. घोडा चढलेला असताना चापाला बोट न लावता अंगठ्याने घोड्याला पुढे दाबावं. तो सुटला तर हत्यार परत करावं, त्यात घासाघीस नको.

सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट मोजायला ट्रॅक्टरच्या टॅपेटचं फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) पुरतं. साधारण 0.10 ते 0.25 मिलिमीटर ठीक. 0.30 च्या वर गेली की गोळी सुटताना शिशाचे कण आणि गरम वायू बाजूने उडतात, आणि तेवढा जोरही वाया जातो. शेवटी नळीच्या मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरून त्यावर टॉर्च मारावा आणि पुढून आत बघावं. आतल्या वळणदार रेषा ठसठशीत दिसल्या पाहिजेत. मध्येच अंगठीसारखी काळी रेघ दिसली तर तिथे कधीतरी गोळी अडकून नळी फुगलेली आहे.

कानपूरची जुनी .32 रिव्हॉल्वरं बिजागरीवर मोडून उघडतात, ‘प्रबल’चं सिलिंडर बाजूला बाहेर येतं. मोडणाऱ्या प्रकारात वरची कडी ढिली झाली आहे का हे बघायचं: हत्यार बंद करून नळी वरखाली हलवली तर काहीच हललं नाही पाहिजे.

काडतुसांचा घोळ

‘.32’ एवढंच सांगून काडतुसं मागू नयेत. या मापाची दोन वेगळी काडतुसं असतात: रिव्हॉल्वरला .32 एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग लागतं, ‘अशनी’सारख्या पिस्तुलाला .32 एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल). काही रिव्हॉल्वरांत एसीपी काडतूस घरात बसतंही, आणि तिथेच फसगत होते: त्याचा दाब लाँगपेक्षा बराच जास्त असतो.

साठवणुकीत मात्र आपल्याकडे एक खास गोंधळ होतो. खताचा कोठा कुलूपबंद असतो म्हणून काडतुसंही तिथेच ठेवली जातात. ओलसर युरिया, शेणमूत यांतून अमोनिया सुटतो आणि अमोनियाने ताणाखालचं पितळ तडकतं. ब्रिटिश फौजेला पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या (पितळी नळकांड्या) अशाच तडकलेल्या सापडत. त्याचं कारण अमोनिया असल्याचं 1921 मध्ये स्पष्ट झालं. पुंगळीच्या तोंडाशी उभी बारीक चीर दिसली की ते काडतूस वापरू नये, शस्त्र विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करावं. काडतुसं घरात, कुलपात, हत्यारापासून वेगळी, कोरड्या डब्यात ठेवावीत. त्यांना तेल लावू नये. तेल बुडाच्या टोपीतून (हिच्यात ठिणगीचा मसाला असतो) आत झिरपतं आणि मसाला मरतो. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात उभ्या गाडीत किंवा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ती विसरली गेली तर दारू बिघडते, आणि चोरीची भीती ती वेगळीच.

अंगावर बाळगताना

आपल्याकडे हत्यार झाकून नेणं नियमानेच आलं. शस्त्र नियम 2016 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी ते होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असावं लागतं. लग्नात-वरातीत इतरांच्या जिवाला धोका होईल असं झाडणं हा 2019 च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तरीही बंडीच्या किंवा पॅंटच्या खिशात, किल्ल्या-तंबाखूच्या डबीसोबत रिव्हॉल्वर टाकणारे दिसतात. चापाच्या कड्यात किल्ली शिरायला वेळ लागत नाही. चाप पूर्ण झाकणारं, त्याच मॉडेलच्या मापाचं होल्स्टर आणि दीड इंच रुंद, ताठ पट्टा एवढं हवंच. नेहमीचा मऊ पट्टा वजनाने बाहेर झुकतो आणि सदऱ्याखालून मूठ डोकावते. जागा उजव्या कमरेवर, हाडाच्या किंचित मागे. पाठीच्या मधोमध ठेवू नये. मोटरसायकलवरून पडलात तर मणक्याला लागतं. झाकायला सदरा बाहेर सोडलेला, चौकड्यांचा किंवा गडद रंगाचा. पातळ पांढऱ्या सुती सदऱ्यातून घाम आल्यावर सगळी आकृती उठते. बाईने पर्समध्ये ठेवायचं असेल तर त्या कप्प्यात दुसरं काहीही नको आणि पर्स खांद्यावरून उतरवायची नाही.

जुन्या रिव्हॉल्वरमध्ये घोडा अडवणारा सुरक्षा पट्टा नसेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवावं, पाचच भरावीत. हत्यार पडलं की घोड्यावर आपटतं.

घाम, चामडं आणि जवसाचं तेल

चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवलेलं रिव्हॉल्वर सकाळी गंजाचे ठिपके घेऊन बाहेर येतं, कारण चामड्याने दिवसभराचा घाम पिऊन ठेवलेला असतो. घरी आल्यावर हत्यार बाहेर काढायचं, रिकामं करायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, बंदुकीच्या तेलाचा पातळ हात फिरवायचा आणि कुलपात ठेवायचं. उन्हाळ्यात हे रोज. घरात सहज सापडतं म्हणून जवसाचं तेल लावू नये: ते वाळून त्याचा चिकट थर होतो आणि महिन्याभरात चाप अडखळायला लागतो. खोबरेल तेल थंडीत गोठतं.

अडखळल्यावर काय बघायचं

सिलिंडर फिरेना, तर बहुधा तीन ठिकाणी कारण सापडतं: पुंगळ्या बाहेर काढणाऱ्या चांदणीखाली साठलेला काजळीचा कण, बुडातून वर आलेली टोपी, किंवा हलक्या हत्याराच्या धक्क्याने पुंगळीतून पुढे सरकलेली गोळी. रिकामी पुंगळी चांदणीच्या खाली घुसून बसत असेल तर काढताना घाई आणि अर्धवट दाब हेच कारण. पुंगळ्या स्वतःच्या वजनाने पडतील असं हत्यार कलतं करून एकाच झटक्यात काढाव्यात.

सरावात चाप ओढला आणि काही झालं नाही, तर नळी सुरक्षित दिशेलाच धरून निदान तीस सेकंद थांबावं. काडतूस उशिरा पेटू शकतं. ‘फुस्स’ असा दबका आवाज आला तर त्याच क्षणी थांबावं. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि मागून दुसरी सोडली तर नळी फुटते. सराव परवानगी असलेल्या रेंजवरच करावा, वावरातल्या आंब्यावर नव्हे.

हद्द

परवाना कुठवर चालतो हे त्यावर लिहिलेलं असतं. महाराष्ट्रापुरता असेल तर वरुडहून पांढुर्णा, गोंदियाहून बालाघाट, पांढरकवड्याहून आदिलाबाद, सिरोंच्याहून पूल ओलांडून तेलंगण: इथे हत्यार घरी ठेवूनच जायचं. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, मग परवाना असो. परतवाड्याहून मेळघाटातल्या सेमाडोह-हरिसालमार्गे धारणीला जाणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं, नाक्यावर नव्हे.

निवडणुकीत शस्त्र जमा करण्याचा आदेश आला तर देण्यापूर्वी तेलाचा हात जरा जास्त द्यावा, काडतुसं मोजून पावतीवर आकडा आणि हत्याराचा क्रमांक लिहून घ्यावा. परत घेताना ठाण्यातच सहाही घरं आणि नळी उघडून बघावी. गंज दिसला तर तिथल्या तिथे लेखी नोंद करून घ्यावी.