माळ्यावरून उतरवलेला व्हॉल्व्हचा रेडिओ साफ करताना

दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या माळ्यावरून अजूनही व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचे, काचेच्या नळ्यांवर चालणारे रेडिओ खाली येतात. आला की लगेच पिन लावून बघायचा मोह होतो, तो टाळाच. इतक्या पावसाळ्यांत आतले कागदी कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) ओल धरून बसलेले असतात. थेट २३० व्होल्ट दिले तर ते शॉर्ट होतात आणि ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो.

कुणी आधीच लावून पाहिला असेल, तर पिन काढा, मागचा पुठ्ठा उघडा आणि फिल्टर कंडेन्सरवरचे (एसीचा डीसी झाल्यावर तो सपाट करणाऱ्या मोठ्या कंडेन्सरवरचे) डीसी व्होल्ट मल्टीमीटरने मोजा. व्हॉल्व्ह तापतच नसतील तर २५०-३०० व्होल्टचा चार्ज उतरायला वाट नसते, तो तसाच राहतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी दहा सेकंद जोडा आणि पुन्हा मोजा. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटमध्ये मेनची एक वायर थेट चॅसिसला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला जाते, त्यामुळे तिथे नॉबचा स्क्रूसुद्धा शॉक देऊ शकतो.

आतले फोटो काढून ठेवा. उंदरांच्या लेंड्या असतातच, म्हणून मास्क लावा. मग मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडा. गँग कंडेन्सरची, म्हणजे स्टेशन लावताना फिरणाऱ्या कंडेन्सरची पानं आधी पूर्ण आत फिरवून घ्या; एखादं वाकलं तर स्टेशन जागेवर लागत नाही. कॉइलचे स्क्रू चुकूनही फिरवू नका.

सगळ्यात जपायची ती डायलची काच. अक्षरं मागच्या बाजूला रंगाने छापलेली असतात आणि तो रंग आता नुसता टेकलेला असतो. ओला बोळा फिरवला की दिल्ली, लंडन ही नावं बोळ्यावर उतरतात. ती परत येत नाहीत. पुढची बाजू जेमतेम ओलसर फडक्याने पुसा, मागे हात लावू नका. व्हॉल्व्हवरच्या नंबरांचंही तेच. धूळ नंबर सोडून पुसा, आणि व्हॉल्व्ह बुडाशी धरून सरळ वर काढा.

व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब टाकून तो वीस-तीस वेळा फिरवा. बँड स्विचला (मीडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह बदलायचा स्विच) आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलसर ब्रश पुरतो. गंज सोडवायचं तेल नको, त्यावर धूळ चिकटते.

दोन दिवस सावलीत वाळू द्या. ऑक्टोबरच्या उन्हात लाकडाचा व्हिनियर सुटतो. मग ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे मेनच्या एका वायरच्या मध्ये लावून सेट चालू करा, एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर शॉर्ट आहे, लगेच पिन काढा.