घरी बनवा लाइटसेबर : एकसंध उजळणारे पाते

१९७७ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील नायकाच्या लाइटसेबरची, म्हणजे प्रकाशाचे पाते असलेल्या तलवारीची, मूठ ग्राफ्लेक्स या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या दांड्यापासून तयार केली होती आणि पात्याचे तेज चित्रीकरणानंतर फिल्मवर चढवले होते. आपले पाते मात्र हातात असतानाच उजळायला हवे, आणि त्यात एलईडीचे ठिपके वेगवेगळे दिसले तर सारी मेहनत वाया जाते. म्हणून अधिकाधिक काळजी पात्यावरच खर्च करावी.

पात्यासाठी २५ मिलिमीटर बाह्य व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची आणि ९० सेंटिमीटर लांबीची पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लॅस्टिकची, नळी घ्यावी. अॅक्रिलिकची नळी स्वस्त पडते, पण ती आपटल्यावर तिचे धारदार तुकडे होतात. काचेची ट्यूबलाइट तर कधीही वापरू नये, कारण तिच्यात पाऱ्याची वाफ असते. एलईडी पट्टी मीटरला १४४ दिव्यांची, डब्ल्यूएस२८१२बी प्रकारची, म्हणजे प्रत्येक दिवा संदेशाने वेगळा चालवता येणारी, असावी. तिच्यात दोन दिव्यांमधले अंतर सुमारे ७ मिलिमीटर असते. मीटरला ६० दिव्यांच्या पट्टीत ते जवळपास १७ मिलिमीटर होते आणि ठिपके लपत नाहीत. हे सामान पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शोधावे.

८० सेंटिमीटरचे, म्हणजे प्रत्येकी ११५ दिव्यांचे, दोन तुकडे कापून पाठीला पाठ लावून चिकटवावेत. पट्टीवर छापलेल्या बाणांची दिशा दोन्हींकडे मुठीकडून टोकाकडे हवी. मग नाजूक वस्तूंभोवती गुंडाळून येतो तो एक मिलिमीटर जाडीचा पांढरा फोम त्यांवर एकदाच, सुरकुती न पडू देता गुंडाळावा आणि हे सारे हलके फिरवत नळीत सरकवावे. मी आधी ट्रेसिंग पेपर वापरून पाहिला होता, तेव्हा पाते मण्यांच्या माळेसारखे दिसले. फोम घातल्यावर त्याच पट्टीचा प्रकाश दुधासारखा पसरला.

वीज १८६५० आकाराच्या, संरक्षक सर्किट असलेल्या एका चांगल्या लिथियम सेलमधून घ्यावी. दोन्ही पट्ट्यांचे धन आणि ऋण टोक सेलला जोडावे, आणि पात्याच्या टोकापर्यंत वेगळ्या तारा नेऊन तिथेही वीज द्यावी, नाहीतर टोक मंद पडते. दिवे चालवणाऱ्या आर्डुइनो नॅनो या छोट्या प्रोग्रॅमेबल सर्किट बोर्डाला त्याच सेलमधून ५ व्होल्टच्या पिनवर वीज द्यावी. त्याच्या एका पिनवरून ४७० ओहमच्या रेझिस्टरमार्गे दोन्ही पट्ट्यांच्या डेटा टोकांना, म्हणजे संदेश घेणाऱ्या टोकांना, संदेश द्यावा आणि पट्टीच्या मुळाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. नॅनोला यूएसबीने संगणकाशी जोडण्याआधी सेल काढलाच पाहिजे, कारण तसे न केल्यास ५ व्होल्ट थेट सेलमध्ये शिरतात. लिथियम सेलच्या बाबतीत ही चूक धोक्याची आहे. सेल चार्जही बाहेर काढून, त्याच्याच चार्जरवर करावा.

नॅनोच्या प्रोग्रॅममध्ये फास्टएलईडी ही एलईडी चालवण्याच्या तयार कोडची लायब्ररी वापरून तिच्यात ११५ दिवे नोंदवावेत आणि विजेची मर्यादा १००० मिलिअँपिअर ठेवावी. दोन पट्ट्या एकाच संदेशावर चालत असल्यामुळे प्रत्यक्षात सेलवरचा भार त्याच्या दुप्पट, सुमारे २ अँपिअर होतो. नॅनोच्या दुसऱ्या पिनला जोडलेले बटण दाबल्यावर मुळापासून एकेक दिवा पेटवत न्यावा. दर दिव्याला नवा संदेश पाठवायला सुमारे साडेतीन मिलिसेकंद लागतात, त्यामुळे वेगळा विलंब न टाकताही पाते साधारण ०.४ सेकंदात टोकापर्यंत उमलते आणि ते फार देखणे दिसते. रंग लाल निवडला तर सेल उतरत आला तरी उजेड टिकतो, कारण लाल एलईडीला निळ्यापेक्षा कमी व्होल्ट पुरतात.

मुठीसाठी ३२ मिलिमीटर व्यासाचा, २८ सेंटिमीटर लांबीचा पीव्हीसी पाइप पुरतो. तो पॉलिश पेपरने घासून, प्रायमर देऊन चंदेरी रंगवावा आणि पकडीसाठी क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिप चढवावी. नळीचा १० सेंटिमीटर भाग टेप गुंडाळून मुठीत घट्ट बसवावा आणि बाजूने एका स्क्रूने पक्का करावा.

बंद करण्याआधी पट्टीच्या मुळाशी केलेल्या डागजोडांवर (सोल्डर केलेल्या जोडांवर) ग्लू गनचा गोंद भरावा. पाते फिरवताना सर्वांत मोठा झटका तिथेच बसतो आणि तांब्याची चिमुकली पॅड तारेसकट उखडून येते. तरीही पात्यावर पाते आपटायचा खेळ या तलवारीने करू नये. गोंद वाळला की अंधाऱ्या खोलीत पाते पेटवून सावकाश फिरवत दोन्ही बाजू पाहाव्यात. कुठे ठिपका दिसला तर पट्टी बाहेर ओढून तिथला फोम सारखा करावा आणि मगच टोकाचे झाकण चिकटवावे.