कथा लिहून झाल्यावर ती ऑनलाइन देण्यापूर्वी

छंद म्हणून कथा लिहिणाऱ्याला संपादक नसतो आणि मुद्रितशोधकही नसतो. त्यामुळे ही दोन्ही कामे त्याला स्वतःच, आणि तीही कथेच्या प्रेमात असताना, करावी लागतात. हे प्रेम थोडे ओसरावे म्हणून पहिला खर्डा निदान पंधरा दिवस उघडू नये. त्यानंतर तो मोठ्याने वाचावा. वाचताना जिथे जीभ अडखळते तिथे वाक्यरचना बिघडलेली असते, आणि जिथे आपण नकळत भराभर वाचू लागतो तिथे बहुधा वर्णन लांबलेले असते.

दुसऱ्या वाचनात शब्दांपेक्षा सांगण्याची पद्धत तपासावी. माझ्या एका खर्ड्यात पुढील वाक्य होते : ‘तिला खूप भीती वाटत होती, म्हणून तिने अगदी हळूच कडी काढली.’ ते बदलून मी लिहिले : ‘कडी वाजू नये म्हणून तिने ती दुसऱ्या हाताने धरून ठेवली.’ भीती हा शब्द गेला, तरी ती वाक्यात राहिली. ‘खूप’, ‘अगदी’, ‘अचानक’ हे शब्द शोधून काढले की अशा दुबळ्या जागा आपोआप सापडतात.

शुद्धलेखन सर्वांत शेवटी तपासावे, कारण पुढे वगळल्या जाणाऱ्या परिच्छेदातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसणे व्यर्थ आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखन-नियमांपैकी दोन-तीन नियम पक्के असले तरी निम्म्या चुका टळतात : शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावा, मात्र ‘आणि’ व ‘नि’ ऱ्हस्वान्त ठेवावेत, ‘गरीब’ या शब्दाला प्रत्यय लागला की ‘गरिबाला’ होते. नियमांत न सापडणारी एक अडचण टंकलेखनाची आहे. मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे चिकटवताना कधीकधी ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. अशा वेळी ‘र्या’च्या जागी सरसकट ‘ऱ्या’ घालण्याचा मोह आवरावा, अन्यथा ‘मर्यादा’ आणि ‘कार्यालय’ही बिघडतात, प्रत्येक जागा पाहूनच बदल करावा. युनिकोड म्हणजे संगणकांनी व फोनांनी मिळून वापरायची अक्षरांची समान सांकेतिक पद्धत; तिच्या आधीच्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेली कथा असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून जोडाक्षरे एकेक करून पाहावीत.

कागदावर शोभणारा पानभर लांबीचा परिच्छेद फोनच्या पडद्यावर भिंतीसारखा उभा राहतो, म्हणून परिच्छेद लहान ठेवावेत आणि प्रसंग बदलतो तिथे तीन फुल्यांची ओळ टाकावी. नुसती मोकळी जागा सोडली, तर चिकटवताना ती बरेचदा नाहीशी होते. संवादांसाठी एकेरी किंवा दुहेरी, कोणतेही एकच अवतरणचिन्ह शेवटपर्यंत वापरावे.

कथा भागांत द्यायची असेल, तर शेवटचा भाग लिहून झाल्याशिवाय पहिला देऊ नये. हा नियम मी फजिती झाल्यावर शिकलो. दुसऱ्या भागात जाळून टाकलेले पत्र मला पाचव्या भागात नायिकेच्या हाती द्यायचे होते, आणि तोवर वाचकांनी त्या पत्राची राखही पाहिलेली होती. तेव्हापासून मी पात्रांची नावे, वये, नाती आणि घटनांचे दिवस एका वेगळ्या कागदावर लिहून ठेवतो. ‘क्रमशः’ कुठे टाकायचे हे शब्दसंख्येवर ठरवू नये. उत्सुकता जागी झाली आहे पण प्रसंग पुरा झाला आहे, अशी जागा शोधावी.

कथा एखाद्या नियतकालिकाला किंवा स्पर्धेला पाठवण्याचा विचार असेल, तर त्यांचे नियम आधीच वाचावेत, कारण इंटरनेटवर दिलेली कथा अनेक ठिकाणी ‘पूर्वप्रकाशित’ मानली जाते आणि ती नंतर काढून टाकल्यानेही ही अडचण दूर होईलच असे नाही.

कथा प्रत्यक्ष दिल्यावर ती फोनवर एकदा वाचकासारखी पहिल्या ओळीपासून वाचावी. सापडलेली चूक तिथे दुरुस्त करताना स्वतःजवळच्या मूळ फाइलमध्येही त्याच वेळी दुरुस्त करावी.