ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्स ऑइल किती घालायचं? या चुका टाळा

गाडीच्या माहितीपुस्तिकेत ९ लिटर लिहिलंय म्हणून ९ लिटर आणलं, जुनं काढलं आणि सगळं ओतलं. या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तो आकडा बऱ्याचदा पूर्ण रिकाम्या गिअरबॉक्सचा असतो. ड्रेन प्लग उघडल्यावर खाली येतं ते तळाच्या पॅनमधलं ऑइल. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग), व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल कुठे जायचं ते ठरवणारा भाग) आणि कूलरच्या नळ्यांमधलं आतच राहतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या बऱ्याच गाड्यांत एकूण ७ ते १२ लिटर मावतं, पण एका वेळी निघतं साधारण ३ ते ५.

म्हणून निघालेलं ऑइल खुणांच्या भांड्यात मोजा. ३.८ लिटर निघालं, तर आधी तेवढंच घाला. आधीपासून गळती असेल तर मात्र हा हिशेब चुकतो. खरा निकाल लेव्हलच देते.

इथे इंजिन ऑइलची सवय नडते. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत लेव्हल बघायची ती इंजिन चालू ठेवून, ऑइल गरम असताना, गाडी सपाट जागेवर आणि लिव्हर ‘पी’वर (काहींत ‘एन’वर). त्याआधी ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवायचा. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत उलटं: इंजिन बंद करून दीडेक मिनिटाच्या आत. डिपस्टिकवर (लेव्हल मोजायच्या पट्टीवर) थंड आणि गरम अशा वेगळ्या खुणा असतील, तर थंड गाडीत ‘गरम’च्या खुणेपर्यंत भरू नका, तापल्यावर ऑइल फुगतं. आणि डिपस्टिक धागे सुटणाऱ्या फडक्याने पुसू नका.

डिपस्टिकच नसेल तर लेव्हल प्लग (योग्य लेव्हलच्या उंचीवरचं बूच) असतो. गाडी लिफ्टवर समतल, इंजिन चालू, ऑइल अनेकदा ३५ ते ४५ अंश सेल्सिअसला (नेमका आकडा मॉडेलप्रमाणे), तोही स्कॅनरवर बघून. प्लग उघडल्यावर येणारी धार थेंबांवर आली की बंद. धारच आली नाही, तर ऑइल कमी आहे. हे काम अंगणात जॅक लावून करायचं नाही.

ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो: ‘डी’ टाकल्यावर गाडी उशिरा हलते, इंजिनचा आवाज चढतो पण वेग चढत नाही. जास्त झालं तर फिरणारे भाग ते रवीसारखं घुसळतात, फेस होतो, दाब धरत नाही आणि क्लच घसरतात. म्हणजे लक्षणं जवळपास तीच! ती बघून माणूस आणखी अर्धा लिटर ओततो. संशय आला की आधी लेव्हल बघा, बाटली नंतर उघडा.

सीव्हीटीला (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा-पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकला) तिचंच ऑइल लागतं, साधं एटीएफ (नेहमीचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ऑइल) चालत नाही. एएमटीचा (यंत्रच क्लच दाबून गिअर बदलतं त्या गाडीचा) गिअरबॉक्स मुळात मॅन्युअल, त्यामुळे वरचं मोजमाप तिला लागू नाही.

जास्त भरलंच गेलं असेल तर ‘एक चक्कर मारून बघू’ म्हणू नका. डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून हातपंपाने पाव-पाव लिटर काढा आणि दर वेळी लेव्हल पुन्हा बघा.