चक्कर बरी होत आली? मग या चुका टाळा

"आता येते का चक्कर?" असं कुणी विचारलं की तुम्ही क्षणभर थांबून "फारशी नाही" म्हणता. अंथरुणातून उठताना भिंती फिरत नाहीत. ओट्यापाशी तासभर उभं राहता येतं, खाली वाण्याकडे एकटं जाता येतं. पण संध्याकाळच्या गर्दीत दादरचा पूल चढायचा म्हटलं की पोटात गोळा येतो, लग्नाच्या आमंत्रणाला "बघू" असं उत्तर जातं, आणि ऑफिसला परत कधी जायचं हा विषय घरात कुणी काढत नाही. लांबलेल्या दुखण्याचा हा शेवटचा टप्पा. मी त्यात आठ महिने होते. तेव्हा हे कुणी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहिते आहे.

आधी थोडं कारण समजून घेऊ, कारण पुढच्या सगळ्या चुका त्यातूनच निघतात. तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो: आतला कान, डोळे, आणि पाय-मानेचे स्नायू-सांधे. विषाणूमुळे कानाची नस सुजली, कानातले बारीक खडे जागचे सरकले किंवा अर्धशिशीचा झटका आला, की मेंदूचा कानावरचा भरवसा उडतो आणि तो डोळ्यांच्या आधाराने चालू लागतो. अंग ताठ होतं, पावलं आखूड पडतात. पहिले काही दिवस हे योग्यच असतं. बहुतेकांचा मेंदू पुढे आपणहून जुन्या वळणावर येतो. काहींच्या बाबतीत कान सावरतो, पण ही सावधगिरी मागे राहते. मग तीन महिने, सहा महिने, बहुतेक दिवशी अधांतरी, डुलल्यासारखं वाटतं. उभं राहिलं, चाललं, सरकतं दृश्य किंवा माणसांची वर्दळ समोर आली की ते वाढतं. याला पीपीपीडी (पर्सिस्टंट पोस्चरल-पर्सेप्च्युअल डिझिनेस, म्हणजे रेंगाळणारी चक्कर) म्हणतात आणि त्याचे निकष तोलाच्या आजारांवर काम करणाऱ्या बाराणी सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. सुपरमार्केटच्या भरलेल्या रांगांमध्ये मला गरगरतं ते का, हे जेव्हा डॉक्टरांनी समजावलं तेव्हा मी त्यांच्यासमोरच रडले. त्याआधी दोन ठिकाणी मला मानेचा पट्टा दिला होता.

पूर्ण शून्य होण्याची वाट पाहणं

"एकदा अगदी काही वाटेनासं झालं की सुरू करते सगळं." मी हे वाक्य कितीदा म्हटलं असेन. क्रम उलटा असतो. आयुष्य सुरू होतं आणि त्यानंतर कधीतरी उरलेली चक्कर लक्षात येईनाशी होते. मेंदूला कानावर पुन्हा भरवसा ठेवायला हालचालीचा अनुभव लागतो, आणि तो गादीवर मिळत नाही.

शिवाय शून्य कुणाचंच नसतं. आपली लोकल कुर्ल्याला उभी असते, शेजारच्या रुळावरची गाडी सुटते, आणि क्षणभर वाटतं की आपलीच निघाली. डब्यातल्या प्रत्येकीला ते वाटतं. बाकीच्या पुन्हा गप्पांत शिरतात. आपण मात्र दांडी घट्ट पकडून "आली, आली" म्हणत बसतो. फरक चक्करेत कमी आणि त्यानंतरच्या दोन मिनिटांत जास्त असतो.

सकाळी उठून चाचपणी

डोळे उघडले की आधी मान डावीकडे, मग उजवीकडे, मग "आज कसं आहे?" दहा वाजता पुन्हा, जेवल्यावर पुन्हा. ज्या संवेदनेचा दिवसातून वीस वेळा शोध घेतला जातो, ती सापडतेच. मेंदूला तो धोक्याचा निरोप वाटतो आणि तो पहारा वाढवतो. लक्षणांची वही सुरुवातीला निदानासाठी उपयोगी होती. आता ती बंद करा. इंटरनेटवर इतरांचे अनुभव रात्री वाचत बसणं हीसुद्धा चाचपणीच.

घरच्यांनाही हे सांगावं लागतं. आमचे हे रोज कामावरून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "आज चक्कर?" प्रेमानेच. मी त्यांना म्हटलं, "त्याऐवजी आज काय केलंस ते विचारा." सासूबाईंना पटायला जरा वेळ लागला, पण मग त्याच शेजारणींना सांगू लागल्या की हिला तब्येतीचं विचारू नका.

लपलेले आधार तसेच ठेवणं

शेवटच्या टप्प्यात माणसं सर्वांत जास्त इथे अडकतात असं माझं मत आहे. कारण हे आधार आधार वाटतच नाहीत. भिंतीच्या कडेने चालणं. पुलावर कठड्याला सतत दोन बोटं लावलेली. नजर पायाशी. कुणी हाक मारली तर मान न वळवता अख्खं अंग वळवणं, ज्याने खांदे आणि मान दिवसभर दुखतात आणि त्यातून डोकं जड वाटतं. जानेवारीतही हातात लांब दांड्याची छत्री. "पिशवी धरायला" म्हणून बरोबर नवरा. पर्सच्या पुढच्या कप्प्यात गोळ्यांची पट्टी. ट्रेनऐवजी दर वेळी टॅक्सी.

यातला प्रत्येक आधार मेंदूला एकच गोष्ट सांगतो: मी सांभाळलं म्हणून पडली नाहीस. त्यामुळे यशस्वी फेरीचंही श्रेय छत्रीला जातं.

सगळे एकदम सोडू नका. एका वेळी एक, आणि आधी सोप्या जागी. गोळ्यांची पट्टी मी पुढच्या कप्प्यातून पर्सच्या तळाशी टाकली, मग ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, मग घरीच. लोकलसाठी रविवारची दुपार निवडली: भांडुप ते कांजूरमार्ग, एकच स्टेशन, उतरायचं आणि परत. असं चार वेळा. मग विक्रोळी. घाटकोपर मेट्रोच्या गर्दीमुळे मुद्दाम मागे ठेवलं. त्यानंतर कामाच्या दिवशी सकाळी, पण सगळे सीएसएमटीकडे जातात तेव्हा मी ठाण्याच्या दिशेने. अगदी शेवटी नेहमीची वेळ, नेहमीचा बायकांचा डबा. चक्कर वाढली तर लगेच उतरायचं नाही, ती ओसरू द्यायची आणि ठरलेल्या स्टेशनलाच उतरायचं, एवढा नियम पाळला.

कुठला आधार रास्त आणि कुठला भीतीचा, हे ओळखायला मी स्वतःला विचारते: इथे दुसरी एखादी धडधाकट बाई काय करेल? पावसात स्टेशनच्या ओल्या जिन्यावर कठडा सगळेच धरतात. चालत्या गाडीत दांडी सगळेच धरतात. ते खुशाल करा. दिवाळीला स्टुलावर चढून माळा साफ करणं किंवा स्कूटर चालवणं मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

चांगल्या दिवशी सगळं उरकून घेणं

एका शनिवारी मला इतकं छान वाटलं की मी दादरला फुलबाजार, मग साडीचं दुकान, मग नातेवाइकांकडे, असं सगळं केलं. पुढचे चार दिवस अंथरुणात गेले आणि त्यानंतर तीन आठवडे दादरचं नाव काढलं नाही. किती करायचं ते त्या दिवशी कसं वाटतंय यावर सोडू नका, आदल्या दिवशी ठरवा. बरं वाटलं तरी तेवढंच, नाही वाटलं तरी जवळपास तेवढंच. ऑफिसातही पहिल्या सोमवारपासून पूर्ण वेळ आणि साठलेल्या फायली अंगावर घेण्यापेक्षा, जमत असेल तर दोन आठवडे अर्धा दिवस मागून घ्या. तसं मागताना मला फार अवघडल्यासारखं झालं होतं, पण साहेबांनी एका वाक्यात हो म्हटलं.

वाईट दिवसाला "परत सुरू झालं" म्हणणं

अपुरी झोप, ताप, पाळीचे दिवस, कडक उपास, ऑक्टोबरच्या उन्हात कमी पाणी, घरातलं भांडण. यातलं काहीही जुनी चक्कर दोन-चार दिवस वर आणू शकतं. तुम्ही पहिल्या पायरीवर गेलेला नसता. त्या दिवसांत फेरी छोटी करा, पण रद्द करू नका. विक्रोळीऐवजी कांजूर चालेल.

गोळ्या आपल्या मनाने बंद करणं

याबद्दल फार कमी सांगितलं जातं. पीपीपीडीसाठी सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रामसारखी, एरवी नैराश्यावर देतात ती औषधं दिली जातात. ती एकदम बंद केली तर काही दिवसांत चक्कर, डोक्यात झटका बसल्यासारखं वाटणं, बेचैनी असा त्रास होऊ शकतो. माणूस समजतो की आजार उलटला. डॉक्टरांकडून हळूहळू कमी करूनच थांबवा. याउलट सिनारिझीन, प्रोक्लोरपेराझीन यांसारख्या चक्कर दाबणाऱ्या गोळ्या पहिल्या काही दिवसांसाठी असतात. त्या महिनोन् महिने चालू राहिल्या तर मेंदूची जुळवून घेण्याची प्रक्रिया मंदावते. पर्समधली पट्टी याच जातीची असेल तर पुढच्या भेटीत नक्की विचारा.

व्यायामाचंही असंच. फिजिओथेरपिस्टने दिलेले नजर आणि मानेचे व्यायाम बरं वाटताच टाकू नका, आणि "आज राहिले, आता काहीतरी होणार" इतके देव्हाऱ्यातही बसवू नका.

सगळंच जुन्या चक्करेच्या खात्यात टाकणं

बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, अचानक असह्य डोकेदुखी, एका कानाने एकदम ऐकू न येणं, छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं, यातलं काही नव्याने झालं तर घरात न थांबता थेट रुग्णालय गाठा. कूस बदलताना काही सेकंद खोली गर्रकन फिरत असेल तर कानातले खडे पुन्हा सरकले असण्याची शक्यता असते. तसं होतं, ते पीपीपीडी परतल्याचं लक्षण नाही. कान-नाक-घशाचे डॉक्टर तपासणीच्या टेबलावर डोकं ठरावीक पद्धतीने वळवून ते जागेवर आणतात, आणि बरेचदा एक-दोन भेटींत काम होतं.